शिंप्याचं घर आणि माझी जीभ

३ मार्च

शनिवारवाल्यांच्या, म्हणजे शहरातून शनिवार-रविवारपुरत्या येणाऱ्यांच्या, सहा घरांच्या किल्ल्या माझ्या कमरेला. खिडक्या उघडायच्या, जळमटं काढायची, कुंड्यांना पाणी घालायचं. आळीत माणसांपेक्षा कुंड्या जास्त झाल्यात. चौथी नापास बाई मी, आणि सहा बंगल्यांची मालकीण — सोमवार ते शुक्रवार!

५ मार्च

नातीला, माझ्या मुलाच्या लेकीला, घरमालकानं खोली सोडायला सांगितली. शनिवारवाल्यांना दिली की जास्त पैसे सुटतात म्हणे. पोरगी इथल्या दवाखान्यात एकटीच नर्स, त्यात पाचवा महिना. आमच्याकडे आणावी तर माझ्या खोलीत सुनेच्या दुकानाचा माल. साबणाच्या खोक्यांवर निजवू?

शिंपी वारला, त्याचं घर रिकामं आहे, किल्ली माझ्याकडेच. त्याच्या मुलीला फोन केला. म्हणाली, काकू, घर विकायचंय, महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक नाही मिळालं तर घर तुमच्या नातीला भाड्यानं. पण कोणी बघायला आलं तर दाखवा हं.

दाखवीन की. असं दाखवीन की पुन्हा या रस्त्याला फिरकणार नाहीत.

८ मार्च

एक जोडपं आलं. खिडक्या तीन दिवस बंद ठेवल्या होत्या, कुबट वास मस्त धरला होता. शिवाय साप निघतात म्हटलं मी. बाई आल्या पावली परत!

सून म्हणाली, पाप लागेल. म्हटलं लागू दे, रिकामीच बसलेय.

१५ मार्च

दुसरे आले. नळाला पाणी येत नाही म्हणून सांगितलं. नळ मीच बंद केला होता. माझ्या हुशारीला माझीच दृष्ट लागायची.

२२ मार्च

लागली.

आज एक चष्मेवाला आला, बायकोला घेऊन. वास आला तरी सरळ आत शिरला. साप म्हटलं तर खूश झाला — निसर्ग म्हणे! मग मागच्या भिंतीवर टकटक करून बायकोला म्हणाला, "वाकडी आहे गं. कुणा अडाण्यानं बांधलीय."

ती भिंत आमच्या ह्यांनी बांधलेली. जन्मभर गवंडीकाम केलं. आता, ह्यांना अडाणी मीच म्हणायचे, उठता-बसता. पण तो माझा हक्क होता. या चष्मेवाल्याचा काय संबंध?

शिंप्याच्या दोऱ्याला किल्ली बांधली, वरून सोडली. म्हटलं, "बघा. ओळंब्यात आहे की नाही?" दोरा आणि भिंत, केसाएवढा फरक नाही. तिथं थांबावं ना! पण जीभ सुटली. छप्पर एकाही पावसात गळलेलं नाही, उन्हाळ्यात आत गारवा. खिडक्या उघडल्या. नळसुद्धा सोडून दाखवला.

तो बायकोला म्हणाला, "घेऊन टाकू या."

नवऱ्याची बाजू तो जिवंत असताना एकदा घेतली नाही. घेतली ती नेमकी आज.

२३ मार्च

नातीला सांगितलं. वाटलं रडेल, भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती बॅग भरत होती.

"आजी, भिंत खरंच सरळ होती?"

"होती."

"मग बरं झालं सांगितलंस."

शहरातल्या दवाखान्यात बदली मागितलीय तिनं. एवढी उत्तरं तयार केली होती, सगळी वाया.

२ एप्रिल

गेली. टेम्पोत पुढे ड्रायव्हर आणि नातजावई, मधे ती. इथल्या दवाखान्याला आता बहुतेक कुलूपच. गुडघा ठणकतोय. कुणाला दाखवू? कुंड्यांना?

१० जून

नातीनं बाळंतपणाला बोलावलंय. सुनेला दुकान सोडवत नाही, म्हणजे मीच. मुलगा सकाळपासून घुटमळत होता. शेवटी तोंड उघडलं. "आई, तू जातेच आहेस तर तुझी खोली पाहुण्यांना भाड्यानं देऊ का? शनिवार-रविवारच फक्त."

नातीसाठी जो माल हलला नाही तो दुपारपर्यंत माळ्यावर गेला. तेव्हा मलाही माळा आठवला नव्हता म्हणा. याला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि निघालं काय — "गादी नवी घे. माझ्या गादीवर कोण झोपणार?"

१४ जून

शहर. तिसरा मजला, भाड्याच्या दोन खोल्या. ट्रंक वर चढवत होते, तर खालची म्हातारी जिन्यात उभी. मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला म्हणाली, "आली आणखी एक बाहेरगावची. आपल्या पोरांना आता इथं खोल्या कुठून मिळायच्या?"

बाई बरोबर बोलते. उद्या ओळख करून घेते.