तेरावी रेघ

सोमवार, ३ तारीख
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि स्वारी खुशीत आहे. हॉस्पिटल स्वच्छ, माझी खोली तळमजल्यावर, खिडकीत ऊन, खुर्ची चक्क न मोडलेली. काम म्हणजे पोरखेळ. अतिदक्षता विभागात बारा खाटा. बारा रुग्णांच्या हृदयाचे ठोके वायरीतून माझ्या सर्व्हरवर येतात आणि तिथून सिस्टरांच्या पडद्यावर बारा रेघा उमटतात. तक्रार अशी, की रेघा मधेच तुटतात. उघड आहे, पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, वाटेत गळताहेत. आलेली पॅकेट क्षणभर ठेवायला नेटवर्क कार्डाला जी जागा लागते, तो बफर इथे फक्त २५६चा! ४०९६ची सोय असताना! माझ्या आधीचे महाशय दिवसभर काय माशा मारत होते, देव जाणे.

सर्व्हरच्या कपाटावर मोठ्या सिस्टरांच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘२५६च राहू द्या.’ आता ह्या मला नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर शिकवणार! चिठ्ठी फाडली, आकडा वाढवला. गळती शून्य. अर्ध्या मिनिटाचं काम.

मंगळवार, ४
पडद्यावर तेरा रेघा. मोठ्या सिस्टर धावतच खाली आल्या. म्हणाल्या, आधीच्या इंजिनिअरनेही आकडा वाढवला होता, तेव्हाही तेरावी रेघ आली होती. हॉस्पिटलच्या साहेबांनी त्याला आकडा पूर्ववत करायला लावला आणि त्याच मिनिटाला त्याने ह्या खुर्चीत प्राण सोडला. मी म्हटलं, तुम्ही इंजेक्शनं द्या, सर्व्हर मी बघतो. एवढंसं तोंड करून गेल्या. इतकी वर्षं यंत्रांजवळ काढूनही माणसं असल्या गोष्टी बोलतात, कमाल आहे. ड्रायव्हरमध्ये एखादी जुनी नोंद राहिली असणार, दुसरं काय.

बुधवार, ५
पडदा बघायला जिना चढून वर गेलो. तेरावी रेघ ११८वर. दम खाल्ला, तशी ८०वर आली. मुद्दाम दहा उठाबशा काढल्या. सिस्टर बघत होत्या, बघू देत. १२४. गळ्यावर बोट ठेवून नाडी मोजली. ठोक्याला ठोका जुळतो.

माझ्या अंगाला एकही वायर नाही.

दुपारी आकडा २०४८ केला. रेघ तीन ठिकाणी तुटली, असं सिस्टरांनी नंतर सांगितलं. मी तेव्हा जमिनीवर होतो. कसाबसा उठून परत ४०९६ केला. बायकोला फोन लावला. ती म्हणाली, पित्त झालं असेल, वेळेवर जेवत जा. हिला सांगून काय उपयोग!

गुरुवार, ६
साहेबांचा फतवा. तेराव्या रेघेमुळे डॉक्टर गोंधळतात, म्हणून उद्या चार वाजता सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. रुग्णांना तेवढा वेळ सुटे मॉनिटर. आणि मला? बंद म्हणजे बफरच नाही. एक ठोकाही पोचणार नाही. सगळं सांगितलं त्यांना. हसले. म्हणाले, दोन दिवस सुटी घ्या.

बफर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात माझा जीव. भीती वाटते. लिहूनच टाकतो, फार भीती वाटते —

शुक्रवार, ७
३.४० — आतून कडी लावली. सर्व्हरजवळ कोणी येऊ शकत नाही. जिंकलो.

३.४८ — ह्या खोलीचा मेन स्विच बाहेर, जिन्याखाली. साहेबांनी वायरमन बोलावलाय. हे मला सुचलं नाही. मला!

३.५३ — सिस्टर साहेबांच्या पाया पडायला वर गेल्यात. माझ्यासाठी. मी त्यांना काय काय —

४.०० — वीज गेली. सर्व्हर बॅटरीवर. छाती ठीक. बॅटरी जुनाट, बदलायची अक्कल कोणालाच — ४० टक्के.

४.०२ — १९.

सिस्टर दारावर थापा मारताहेत. साहेब कबूल झाले, वायरमन स्विच लावायला गेलाय, धीर धरा म्हणताहेत. हात बधिर — ६ —

पळ म्हणावं त्या गाढवाला. जिन्याखाली डावीकडचा, डावीक