माझ्याच घराचे काम कायमचे बंद ठेवण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी साहेब,
बांधकाम व दुरुस्ती विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली.

अर्जदार : फरशीकामाचा धाकटा मिस्त्री (याच नावाने सर्व ओळखतात)

विषय : नव्याने घेतलेल्या सदनिकेतील ठोकाठोकीस मुदतवाढ न देता, सदर सदनिका शांत भाडेकरूस देण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली कामबंदीची नोटीस. २) मुदतवाढीसाठी मी केलेला अर्ज, जो आता केराच्या टोपलीत टाकावा.

महोदय,

सविनय सादर करतो की, मागच्या अर्जात मी काम चालू ठेवण्याची परवानगी आपल्या अक्षरशः पाया पडून मागितली होती. ती देऊ नये. दिली असल्यास काढून घ्यावी. आपल्या कार्यालयातील कारकून हे वाचून "ह्याचं डोकं ठिकाणावर आहे ना?" असे म्हणतील, त्यास माझी हरकत नाही. फक्त अर्ज शेवटपर्यंत वाचून मग म्हणावे.

१. सदर सदनिका तिसऱ्या मजल्यावर असून दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी असे तिचे स्वरूप आहे. आधीच्या मालकाने ती निगुतीने ठेवली होती. भिंती कोरड्या, नळ घट्ट, खिडक्यांच्या कड्या जागच्या जागी. फरशी तर अशी बसवलेली की गोटी सोडली तर जागची हलायची नाही. झाडू मारून राहायला यावे, इतकेच काम बाकी होते. असे असताना ताबा मिळताच मी फरशी का फोडली, असे आपल्या निरीक्षकांनी विचारले होते व मी "खालून ओल येते" असे उत्तर दिले होते. ओल नव्हती. खाली माझा थोरला भाऊ राहतो.

२. थोरला हाही फरशीचाच मिस्त्री. वडील लवकर गेल्यावर त्याने मला हाताखाली घेतले, काम शिकवले, पोटाला घातले, माझे लग्न लावून दिले. हे सर्व मला मान्य आहे, नाहीतर लोक म्हणतील खाल्ल्या घरचे वासे मोजतो. माझी तक्रार एवढीच की, एका बंगल्यात दिवाणखान्याची फरशी मी प्रथमच एकट्याने बसवली असता, थोरल्याने मालक, मालकीणबाई, सुतार, रंगारी व पाणी मारणारी बाई या सर्वांदेखत गुडघ्यावर बसून ती तपासली आणि मालकांना सांगितले, "उखडा सगळी. पोकळ आहे, खाली माल नीट भरलेला नाही. याला अजून काम येत नाही." आणि ती माझ्याच हाताने उखडून घेतली. रंगारी शिडीवर बसून दात काढत होता. साहेब, फरशी पोकळ नव्हती. चार-दोन तुकडे असतील. चार-दोन तुकडे कुणाचे नसतात? त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. आधी कोण बोलायचे थांबले, हा मुद्दा वादाचा आहे, तो मी येथे घेत नाही.

३. थोरल्याच्या बरोबर डोक्यावरचे घर विकायला निघाल्याचे कळले आणि मी मागचापुढचा विचार न करता ते घेतले. पत्नीस सांगितले की आपण राहायला जायचे. तिने हौसेने स्वयंपाकघरासाठी फिकट हिरवी फरशी निवडली. ती मी बसवली. ती डबा घेऊन बघायला आली, अनवाणी पायांनी इकडून तिकडे चालली, "गार लागतेय हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी ती फोडली. मग पांढरी बसवली, तीही फोडली. मग ठिपक्यांची. डोक्यावर मिरे वाटणे असे आपल्यात म्हणतात. मिऱ्यांनी भागण्यासारखे नव्हते, म्हणून मी फरशा वापरल्या. पत्नीने शेवटी विचारले, "घर राहायला घेतलंय की वाजवायला?" सध्या ती तिच्या बहिणीकडे असते. तो या अर्जाचा विषय नाही.

४. माझी अपेक्षा फार मोठी नव्हती. थोरल्याने जिना चढून यावे, माझ्या दारात उभे राहावे आणि हात जोडून "बाबा रे, बस कर" म्हणावे. मी दार अर्धेच उघडणार होतो. काय उत्तर द्यायचे तेही पाठ करून ठेवले होते. "काम येत नाही ना मला, म्हणून पुन्हा पुन्हा करतोय," असे ते उत्तर होते. पण थोरला आला नाही. बाकी सगळी इमारत आली. समोरच्या शिकवणीवाल्या बाई आल्या, त्यांच्या मुलांना पाढे ऐकू जाईनात. तळमजल्यावरचा शिंपी आला. वरच्या मजल्यावरचे आजारी गृहस्थ स्वतः येऊ शकले नाहीत, त्यांनी जावयाला पाठवले. खालून मात्र चकार शब्द नाही. छताचे पोपडे अंगावर पडत असतील, झोप उडाली असेल, घास गोड लागत नसेल, असे मनात आणून मी आणखी जोर लावायचो. एवढा निगरगट्ट माणूस मी पाहिला नाही, असे मी पत्नीस म्हणालोही. ती म्हणाली, "मी पाहिलाय."

५. मग शिकवणीवाल्या बाईंच्या तक्रारीवरून आपली कामबंदीची नोटीस आली. मी हातोडा खाली ठेवला व त्याच दिवशी मुदतवाढीचा अर्ज केला. कारण "घर भाड्याने देण्यायोग्य करणे" असे लिहिले होते. हे आपणास ठाऊक आहेच. यापुढचे ठाऊक नाही.

६. काम थांबून काही दिवस झाल्यावर वहिनी वर आल्या. दारात त्यांना पाहून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटले, स्वतः यायची लाज वाटली म्हणून बायकोला पाठवले. असो, तेही चालेल. मी ठरल्याप्रमाणे दार अर्धेच उघडले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, काम का थांबवलंत? बरं आहे ना तुम्हाला? हे काळजीत आहेत."

पुढे त्या जे बोलल्या ते मी शब्दशः देतो, कारण ऐकल्यापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्या म्हणाल्या, "यांचे दोन्ही कान गेलेत हो. तुम्ही हे घर घ्यायच्या आधीच, मोठा ताप आला होता त्यात. ढोल वाजला तरी कळत नाही. माणसांत बसणं सोडलं, कामावर जाणं सोडलं. नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मग तुम्ही वर आलात. एक दिवस सहज भिंतीला हात लागला, आणि एवढे हसले, एवढे हसले! म्हणाले, धाकटा आलाय वर. आता चहा झाला की भिंतीला तळहात लावून बसतात. मला सांगत असतात, आता माल पसरला, आता फरशी टेकवली, आता ठोकतोय. परवा म्हणाले, पोराचा हात सुधारलाय. पूर्वी घाई करायचा, आता थांबून ठोकतो. एकही पोकळ नाही."

मी दार लावून घेतले.

७. साहेब, यात चूक माझी म्हणता येणार नाही, पण मिस्त्री असून मी ती करायला नको होती. फरशी पोकळ आहे की भरीव हे सगळे कानाने ओळखतात. थोरला कधीच कानावर विसंबला नाही. मी ठोकायचे आणि त्याने शेजारी तळहात टेकवून डोळे मिटायचे, अशी आमची पद्धत. "कान फसवतो, तळवा फसवत नाही," हे त्याने मला लहानपणी शंभरदा ऐकवलेले. आणि मी मात्र त्याच्या कानांवर हल्ला करत बसलो! बाकीच्या इमारतीचे कान किटवले, बायको घालवली, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याची रोज सकाळची करमणूक झाली. रोज उठून मी त्याची सेवा करत होतो. फोडायला म्हणून बसवलेल्या फरशीला तो शाबासकी देत होता. ही शाबासकी मला त्या बंगल्यात हवी होती, रंगाऱ्यादेखत. आता ती घेऊन मी काय करू? मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता.

८. सबब, मी काम बंद ठेवले आहे आणि बंदच ठेवणार आहे. नोटिशीमुळे नव्हे, माझ्या मर्जीने. परंतु आता नवीनच उपद्रव सुरू झाला असून त्याची दखल आपल्या कार्यालयाने घ्यावी. सकाळी चहाच्या सुमारास खालून छताला काठी टोचली जाते. दोन ठोके, मग थांबणे, मग दोन ठोके. इमारतीत कुणाचीही याबद्दल तक्रार नाही. शिकवणीवाल्या बाई तर म्हणतात की त्यांना काहीच ऐकू येत नाही. मला येते. दोन ठोके म्हणजे आमच्या कामात "पुढची घे". थोरला माल पसरून तयार असला आणि मी फरशी आणायला उशीर केला, की असे दोन ठोके मारायचा. पहिल्या दिवशी ते ऐकून माझा हात आपसूक हातोड्याकडे गेला, हे मी आपणापासून लपवत नाही. तो हातोडा मी त्याच दिवशी भंगारवाल्यास देऊन टाकला. थोरल्यास नोटीस बजावावी. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, ही सबब मान्य करू नये. आपल्या नियमांत आवाज करणाऱ्याला तो ऐकू आला पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही, मी विचारून घेतले आहे.

९. दरम्यान वहिनी पुन्हा येऊन गेल्या. या वेळी मी दार उघडले नाही. त्या बाहेरूनच म्हणाल्या, "भाऊजी, फोडू नका, बसवू नका, काही करू नका. नुसती एकदा मूठ आपटा जमिनीवर. म्हणजे यांना कळेल तुम्ही आहात." मी आत फरशीवर बसलो होतो. मूठ माझी मांडीवरच होती. ती तिथेच राहिली. वहिनी मग चपला ओढत खाली गेल्या.

१०. सदनिका आता भाड्याने देण्यास खरोखरच तयार आहे. शेवटची फरशी मी फोडलेली नाही. तिच्यावर सर्व खोल्यांत जाड रबरी पट्टे अंथरले असून ते गोंदाने, हाताने दाबून चिकटवले आहेत, कुठेही ठोकलेले नाहीत. दारांच्या कडांना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या लावल्या आहेत. कपाटे व खाटा यांच्या पायांखाली गाद्या आहेत. भिंतीत एकही खिळा नाही व यापुढे मारता येणार नाही. पत्नीने निरोप पाठवला की आता सगळे शांत झालेच आहे, तर आपणच राहायला जाऊ. तिची पावले जड पडतात, म्हणून मी नकार कळवला आहे.

भाडेकरू एकटा, अंगाने हलका व हळू चालणारा असावा. लहान मूल नसावे. मिक्सर, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा, व्यायामाची वजने यांस मनाई राहील. वस्तू हातातून पडण्याची सवय असलेल्यांनी विचारणा करू नये. या अटी आपल्या शिक्क्यानिशी दाखल्यावर छापून मिळाव्यात, म्हणजे माझ्या पश्चातही त्या लागू राहतील.

तरी मागील अर्ज रद्द करून, कामबंदीचा आदेश कायम करून, दुरुस्ती पूर्ण झाल्याचा दाखला त्वरित द्यावा. निरीक्षक पाहणीस आल्यास त्यांनी जोडे जिन्यात काढावेत आणि माझ्या घरात उभे राहून जोराने पाय आपटून पाहावेत, मग तसेच खाली जावे. थोरला भिंतीशी बसलेला दिसेल. वहिनी म्हणतात, तो आता दिवसभर तिथेच बसतो, जेवताना डाव्या हाताने जेवतो, पण उजवा तळहात भिंतीवरून काढत नाही. त्या हाताला काही जाणवले का, एवढे त्याला खुणेने विचारावे. जाणवले असे त्याने सांगितले, तर कुठे कमी राहिले ते मला कळवावे, मी आणखी एक थर अंथरतो.

आपला नम्र आणि यापुढे निःशब्द,
(सही)
धाकटा मिस्त्री
दिनांक : आवक शिक्का पडेल तो