ओट्यातली राख

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंद्याने गवंडी, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात छातीची शस्त्रक्रिया आहे. त्यातून उठवायचं की नाही ते देवाने ठरवावं. मी काही मागितलेलं नाही.

१. राहतं घर माझ्या एकुलत्या एक मुलीला. तिने विकलं तरी हरकत नाही.

२. थापी, ओळंबा, रंधा शेजारच्या पत्रेवाल्याला. नको म्हणेल, दारात ठेवून यावं.

३. रॉकेट चुलीचं पिंप मेहुण्याला. मी चूल बांधत असताना तो रोज विचारायचा, "दाजी, तुमचं रॉकेट उडणार कधी?" नंतर सगळा हिवाळा त्याच चुलीच्या मातीच्या ओट्यावर पाय शेकत बसला. तो राग धरून ठेवण्याइतकीही ताकद आता नाही.

४. ही चूल मी बायकोच्या गुडघ्यांसाठी बांधली. जुनं पिंप, पडक्या भट्टीच्या विटा, माती, वाळू, पेंढा. धूर पिंपाखालून मातीच्या ओट्यातल्या नळीत शिरायचा आणि ओटा तापवून बाहेर जायचा. चार काटक्यांत ओटा सकाळपर्यंत ऊबदार. नळीच्या वळणावर राख साचते, म्हणून तिथे झाकणाचं तोंड ठेवलं होतं. झाकण पत्रेवाल्याने केलं. म्हणाला, "बाकी काही चुकलं तर चालेल, हे तोंड बुजवू नकोस."

बायको म्हणाली, "अहो, झाकण मांडीला टोचतं. तुमच्या हाताला एवढी सफाई, आणि ओट्यावर हे गळू कशाला?"

नळीत काय चालतं ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. सफाईचं कौतुक ऐकून मी तोंडावर गिलावा केला. दरवर्षी फोडून राख काढू म्हटलं. पण इतका गुळगुळीत गिलावा माझ्याच्याने फोडवला नाही.

५. तिसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी मुलीने आईसाठी चूल पेटवली, वारा येतो म्हणून खिडकी लावली आणि कामाला गेली. संध्याकाळी आम्ही आलो, तेव्हा तिची आई ओट्यावर झोपल्यासारखी पडली होती. मुलीने मला विचारलं, "बाबा, लाकडं मी जास्त कोंबली का?"

मी मान खाली घातली. तिने त्याचा अर्थ हो असा घेतला. मी घेऊ दिला.

चार दिवसांनी पत्रेवाल्यासमोर ओटा फोडला. वळण राखेने गच्च भरलेलं, बोटही जाईना. कोंडलेला विषारी धूर खोलीत परतला होता. लाकडांचा संबंध नव्हता. तो एवढंच म्हणाला, "पोरीला सांग."

दोन वर्षं झाली, मधल्या काळात मुलगी लग्न होऊन सासरी गेली. जावई फोनवर सांगतात, "बाबा, ती अजून काडीपेटीला हात लावत नाही." रोज सकाळी देवापुढे बसून ठरवतो, फोन लावतो, आणि तिकडे थंडी कशी आहे एवढं विचारून ठेवतो.

६. म्हणून देवाला स्मरून लिहितो. तोंड मी बुजवलं, राख मी काढली नाही, गप्प मी बसलो. हा दोष माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तो वारसाने मुलीकडे जात नाही. त्यात तिचा हक्क, हिस्सा वा हितसंबंध कधीही नव्हता. क्षमा मागण्याचा अधिकार मी स्वतःच सोडत आहे.

७. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट पाहत ठेवू नये. आजच मुलीला पाठवावं. तोंडाने माझ्याच्याने होणार नाही.

ठिकाण : राहतं घर, फोडलेल्या ओट्याजवळ
दिनांक : ४ डिसेंबर
सही : गवंडी

साक्षीदार :
१) समोरची निवृत्त परिचारिका. सही.
२) शेजारचा पत्रेवाला. सही. ओटा फोडला तेव्हा मी हजर होतो. राख मी माझ्या हाताने काढली. बाळ, तुझी चूक नव्हती. पाकीट आत्ताच टाकून येतो.