पट्टीची कबुली आणि तीन कुलुपं

३ मार्च, सोमवार
ह्यांची स्लाइड रूल हरवलेली नाही. मी टाकली. वर्षभर न वापरलेली वस्तू घरात ठेवायची नाही हा माझा नियम. चामडी पाकीट उघडून न बघताच रद्दीत दिलं. पहिल्या साहेबांनी ह्यांना दिलेली गणिताची पट्टी! रद्दीवाल्याकडे दोनदा जाऊन आले. गोणी पुढे गेली म्हणे.
ह्यांनी घर पालथं घातलं, तेव्हा मी वर म्हणाले, विसराळू झालात तुम्ही. ह्यांना ते पटलं. शुक्रवारी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.
त्याआधी सांगणारच. आधी लेखी कबुली, सांकेतिक लिपीत. घाईने कबुली देणं ही बेशिस्त.

४ मार्च, मंगळवार
भाची कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने सॉफ्टवेअर दिलं. मजकूर कुलुपात घालतं, कुलूप फोडूनही दाखवतं.
पद्धत एक: प्रत्येक अक्षर सात घरं पुढे. ‘कपाटातली पट्टी मी रद्दीत टाकली’ हे इंग्रजी अक्षरांत लिहिलं. फुटेना! गणिताची पदवी उगाच नाही. भाची फोनवर म्हणाली, मावशी, ते इंग्रजी समजून सगळ्यात जास्त येणारा e शोधतंय. मराठीत a चा सुळसुळाट. सेटिंग बदललं. डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटलं.
ह्यांनी खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. चष्मा. किल्ल्या. एका रिकाम्या खणावर ‘पट्टी’. तिकडे बघायचं नाही.

५ मार्च, बुधवार
नोंदी हाताशी हव्यात म्हणून ही वही कॉम्प्युटरशेजारी उघडीच ठेवते.
पद्धत दोन: सांकेतिक शब्दाची किल्ली. एक वाक्य टिकलं. पण नुसतं एक वाक्य माझ्यावर अन्याय करणारं. कारणं जोडली. दीड पान झालं. फुटलं.
नमुना म्हणून भाचीला पाठवलं. म्हणाली, तेच तेच शब्द आले की किल्लीची लांबी कळते. ‘मी मुद्दाम केलं नाही’ अकरा वेळा लिहिलंयस. मग विचारलं, मावशी, काकांना सांगितलंस का गं?
म्हटलं, नमुना आहे तो.

६ मार्च, गुरुवार
पद्धत तीन: बँकांची. सॉफ्टवेअर म्हणतं, फोडायला विश्वाचं वयही पुरणार नाही. कबुली सुरक्षित. दहा मिनिटं फार हलकं वाटलं.
हे सकाळपासून शीळ घालताहेत. दोनदा जेवण वाढून घेतलं. आजाराचं गांभीर्यच कळेनासं झालंय बिचाऱ्यांना. उद्या नक्की. फाइल उघडून वाचूनच दाखवीन.

७ मार्च, शुक्रवार
सकाळी फाइल उघडेना. पासवर्ड आठवत नाही.
डॉक्टरांनी ह्यांना शब्द विचारले, उलटे आकडे विचारले. सगळं बरोबर. म्हणाले, काका, आलात कशाला? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.
जिन्यात एकदाचं सांगितलं. एकाच वाक्यात. कारणं सुचलीच नाहीत. हे म्हणाले, ठाऊक आहे. बुधवारी वाचलं. वही उघडीच होती.
मग इथवर आलात कशाला?
म्हणाले, अगं, दवाखान्याच्या दारापर्यंत तरी सांगशील असं वाटलं होतं.

संध्याकाळी
तुलना, अंतिम. पद्धत तीन सर्वोत्तम. मलाही फुटत नाही.
ह्यांनी खणांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. ‘पट्टी’ची तेवढी राहू दिली.