नैरोबी ते सांताक्रूझ

शुक्रवार, ४ जानेवारी १९५२. अंबरनाथ.
समोरच्या श्यामकांतरावांकडे नैरोबीहून तार आली. शरदचंद्र नावाचा तिथल्या रेल्वेतला हेडक्लार्क त्यांच्या मुलीला, वृंदाला, पाहायला विमानाने येतो आहे. शनिवारी, १२ तारखेला संध्याकाळी निघणार. तो पोचण्याआधी मी श्यामकांतरावांकडे वृंदाला मागणी घालायची, हे नक्की. मी मॅट्रिक नाही, पण कारखान्याच्या टाइम ऑफिसातली, हजेरी मांडायची, नोकरी पक्की आहे. घाई नको.

रविवार, ६ जानेवारी.
आजच बोलणार होतो. पण तो पोचणार केव्हा, हे आधी कळायला हवे. शाळेतला अॅटलास काढला. नैरोबी आफ्रिकेच्या पानावर, मुंबई आशियाच्या. दोन्ही पानांवर शिवणाचा दोरा लावला. पाच हजार मैल भरले. माझा दोस्त चंदू म्हणाला, लेका, दोरा सोड, तोंड उघड. चंदूचा भूगोल कच्चा.

बुधवार, ९ जानेवारी.
वृंदा विहिरीवर भेटली. मुद्दाम सांगितले: पाच हजार मैल, वाटेत एडन, पोटात सारखे ढवळते. ती म्हणाली, "हो का, जयदेवभाऊ?" आमच्या आळीत सगळे सगळ्यांना भाऊच म्हणतात. चेहरा मात्र उतरला होता. परिणाम उत्तम.

शुक्रवार, ११ जानेवारी.
विमानाचा वेग ताशी अडीचशे मैल. म्हणजे वीस तास. रात्री विमान उडणार नाही. अंधारात दिसणार काय? एडनला मुक्काम धरला. नैरोबीचे घड्याळ आपल्या पावणेतीन तास मागे. ते मिळवायचे की वजा करायचे हे कळेना, म्हणून दोन्ही केले. सोमवार दुपारच्या आत येणे अशक्य. रविवारी संध्याकाळी बोलायचे.

शनिवार, १२ जानेवारी.
उल्हासनगरच्या कॅम्पातून नवा सदरा आणला. सिंधी शिंपी म्हणाला, साईं, शादी है क्या? होणार, म्हटले. घरी मागणीचे वाक्य मोठ्याने पाठ केले. आईने कपाळाला हात लावून विचारले, ताप आहे का रे?

रविवार, १३ जानेवारी. संध्याकाळी ७.
गेलो. शरदचंद्र झोपाळ्यावर बसून पोहे खात होता. सकाळीच सांताक्रूझला उतरला. विमान रात्रीही उडते म्हणे. श्यामकांतराव म्हणाले, "बरा आलास! पाहुण्यांची ट्रंक माडीवर चढव बघू." चढवली. पाठ केलेले वाक्य जिन्यातच राहिले.

बुधवार, १६ जानेवारी.
लग्न ठरले. वृंदा पेढे घेऊन आली. अजून वेळ गेलेली नाही म्हणून पुन्हा सांगितले की माझा दोरा जरा सैल होता, अंतर सहा हजारही भरेल. नीट विचार कर.
ती म्हणाली, "आणखी लांब असतं तरी चाललं असतं, जयदेवभाऊ. इथे ओट्यावर आलं की समोरच्या खिडकीतून कुणीतरी बघत असतं."
कोणाबद्दल म्हणाली, नक्की कळले नाही.
खिडकी लावून घेतली. आईने विचारले, का रे? थंडी वाजते, म्हटले.