बाईंसाठी कैलास

२ फेब्रुवारी, सोमवार
पेपरातला जुना सहकारी बद्रीनाथ, त्याचा फोन. आता तो संपादक! रविवार पुरवणी माझ्याकडे द्यायची म्हणतो. "निवृत्त होऊन चार महिने झाले, कंटाळला नाहीस?" बारा तारखेपर्यंत सांगायचंय. एकतीस वर्षं पेपरात काढली. असं बोलावणं पहिल्यांदाच. हो म्हणणार.

संध्याकाळी पुंडलिकनगरला वच्छलाबाईंकडे. चौथीपासून सातवीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकलो. सहा वर्षं झाली, त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. सहज विचारलं, "बाई, काही आणू का?"

"वेरूळचं कैलास आण."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "बावीस सहली नेल्या रे तिथं. दरवेळी पोरं मोजत राहिले. तू तर दोनदा हरवलास! मान वर करून बघितलंच नाय कधी. आता बघायचंय. लिहून दाखव."

३ फेब्रुवारी
मंगळवार, लेणी बंद. घरीच लिहिलं. शंभर ओळी, दीड तास. सवय!

४ फेब्रुवारी
बाईंना वाचून दाखवलं.
"राजा, शतक, लांबी, रुंदी — हे तर मीच फळ्यावर लिहायचे. आणि 'भव्य' म्हणजे किती?"
कागद घडी घालून खिशात ठेवला.
"पुन्हा लिही, कडुबा."
अठ्ठावन्न वर्षांचा मी, पुन्हा चौथीत.

६ फेब्रुवारी
सकाळीच वेरूळ. पहारेकरी कारभारी जुन्या ओळखीचा. "साहेब, आज कोण मंत्री येतोय?" कुणीच नाही म्हटलं, तर पटेना. बरोबरच आहे त्याचं. मंत्री आल्याशिवाय मी कधी आलोय इथं?

डोंगरावर चढलो, कैलास वरून बघायला. दुपारपर्यंत हललो नाही.

जागा कमी पडली की आम्ही बातमी शेपटाकडून छाटतो. या कारागिरांनी डोंगर माथ्याकडून छाटत आणला! चुकलेला टवका परत चिकटवता येत नाही. आणि शिखर कोरणाऱ्याला पायथ्याचे हत्ती बहुतेक दिसलेच नसतील — तेवढं आयुष्य कुठलं! तरी त्यानं हत्तींसाठी दगड सोडला.

बाईंना हे कसं सांगू?

७ फेब्रुवारी
एक ओळही नाही. एकतीस वर्षांत असा कोरा दिवस पहिला. नवल म्हणजे भीती वाटली नाही.

९ फेब्रुवारी
काल पुन्हा गेलो, आजही. अकरा ओळी झाल्या. 'भव्य' कुठंही नाही.

११ फेब्रुवारी
बाईंना घेऊन गेलो. दारातच कारभारी, "हात नाय लावायचा हां, मावशी."
"नाय लावत, बाबा. हा आहे ना."
आता फक्त माझे शब्द!

अंगणात उभं राहून वाचायला लागलो. बाई, आपण डोंगराच्या पोटात आहोत. आपली शाळा, तिच्यावर अजून तशाच सहा-सात शाळा रचल्या, तर डोंगराचा काठ येईल. त्याच्यावर आभाळ. मधे देऊळ. बाहेरून आणलेला एकही दगड नाही. खाली हत्ती, प्रार्थनेला उभे राहावेत तसे ओळीनं, पाठीवर सगळं देऊळ. एकाची सोंड तुटलीय. त्यानं ओझं टाकलेलं नाही —

"थांब. घाई नको. किती हत्ती?"
"मोजले नाहीत, बाई."
"बरं केलंस."

मग त्यांनी मान वर केली. सावकाश, जिथं शिखर आहे बरोबर तिथपर्यंत. बराच वेळ तशाच. कारभारीपण वर बघत होता. "लई वर्सं झाली इथं," एवढंच पुटपुटला.

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "दर आठवड्याला आम्ही जमतो ना, त्या गटात अकरा जण आहेत न दिसणारे. त्यांचं काय?"

१२ फेब्रुवारी
बद्रीनाथला नाही म्हणून कळवलं. "मग करणार काय?"
लेणी चौतीस आहेत. एक झालं.