खडकांना शिस्त

३ मार्च, सकाळी
आजपासून खडकांच्या थरांचा अभ्यास. आमचं सॉफ्टवेअर जमिनीखालचे थर दाखवतं आणि टीममध्ये एकालाही खडकातलं ओ की ठो कळत नाही. महिनाअखेरीस ग्राहकांसमोर डेमो. बॉस म्हणाले, तो जमला तर टीम लीड तू. मनातल्या मनात खुर्चीसुद्धा निवडली. खिडकीजवळची.

४ मार्च
जाडजूड पुस्तक आणलं. पहिल्याच प्रकरणात सगळं शास्त्र उरकलंय: जुना थर खाली, नवा वर. एवढ्यासाठी लोक पदव्या का घेतात कळत नाही. पुस्तक मॉनिटरखाली ठेवलं. उंची झकास जमली.

७ मार्च
बायकोला कपाटातल्या कपड्यांवरून थर समजावले. खालचे जुने, वरचे नवे. ती म्हणाली, तू खालून ओढून काढतोस, म्हणून तुझे जुनेच वर असतात. घरगुती उदाहरणांनी शास्त्र मोडत नाही.

१२ मार्च
ग्राहकांच्या भूगर्भवाल्या बाईंनी डेटा पाठवला. एका डोंगराचे थर. त्यातून बोगदा काढायचाय. फाईल उघडली आणि हसू आवरेना. जुने खडक वर, नवे खाली! एवढ्या मोठ्या बाई, पण घाई होते माणसाची.

१३ मार्च
आमच्या टीममधली टेस्टिंगवाली म्हणाली, बाईंना एक फोन करून विचार. कशाला लाजवायचं बिचारीला? गुपचूप ‘स्वयंदुरुस्ती’ लिहिली. थर वयाप्रमाणे आपोआप लागतात. डोंगर काय देखणा दिसतो! निसर्गाला कोट्यवधी वर्षांत जमलं नाही ते मी जेवणाच्या सुट्टीआधी केलं.

१८ मार्च
दुसरं प्रकरण वाचायचा संकल्प. पण पुस्तक काढलं तर मॉनिटर खाली जाणार, मान धरणार. तब्येत आधी.

२५ मार्च
टेस्टिंगवालीची नवी भुणभुण. थर हलवले तर पडद्यावर तसं सांगायला नको का? म्हटलं, उपकार बोलून दाखवू नयेत. तिने तोंड वाकडं केलं. लीड झालो की तिला समजून घेईन. मी मनाने मोठा आहे.

३० मार्च, दुपारी
डेमो सुरू. बाईंनी डोंगर बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भारावल्या. चहाची सुट्टी घेतलीय, बॉस त्यांच्याशी कोपऱ्यात बोलतायत. बहुधा माझ्याबद्दलच.

३० मार्च, संध्याकाळी
माझ्याबद्दलच होतं. त्या डोंगरात थर घडी पडून खरोखरच उलटे झालेत. हे शोधायला बाईंनी अर्धं आयुष्य तो डोंगर पायाखाली घातला. बोगद्याची सगळी आखणी त्या उलट्या थरांवर. माझ्या देखण्या डोंगरावर विसंबून खोदलं असतं तर छत माणसांवर आलं असतं. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, माझे थर मला परत द्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१ एप्रिल
टेस्टिंगवाली टीम लीड झाली. मला पहिलं काम दिलं: स्वयंदुरुस्ती काढून टाक. काढली. काढण्याचा कोडही सुबक झालाय, पण कोणी बघितला नाही.

२ एप्रिल
मन मोठं करून बाईंना माफीचा फोन लावला. त्या म्हणाल्या, अहो, कालच तुमच्या टीम लीडनी मागितली की. सवयीने बोलून गेलो, मीच तो टीम लीड. मग म्हणालो, म्हणजे, तिच्या हाताखालचा.